दीड तासात एक तृतीयांश सेकंद: आवाज, चित्र आणि फळा एकत्र का राहत नाहीत

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ऑनलाइन क्लासच्या तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये शिक्षकांचा चेहरा आणि आवाज वेबआरटीसीवरून, म्हणजे ब्राउझरमधल्या थेट बोलण्या-दाखवण्याच्या यंत्रणेवरून जातो, फळ्यावरच्या रेघा वेबसॉकेटवरून, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या सतत उघड्या जोडणीवरून जातात, आणि सर्व्हर तिन्हींचं वेगवेगळं रेकॉर्डिंग करून रात्री ते एकत्र जोडतो. लाइव्ह तासाला रेघ आधी उमटते आणि शब्द मागून येतो. रेकॉर्डिंग सुरुवातीला चोख असतं, पण दीड तासाच्या शेवटी आवाज ओठांच्या मागे पडलेला असतो, साधारण एक तृतीयांश सेकंद. तुम्ही आवाज सरसकट २०० मिलिसेकंद पुढे ओढून पाहिलात. शेवट जरा बरा झाला आणि सुरुवात बिघडली. शिवाय जाता जाता विचारलंत, की हेच सॉफ्टवेअर गाण्याच्या क्लासला चालेल का, गुरुजी पुण्यात आणि शिष्य न्यू जर्सीत.

गाण्याचं शेवटी सांगतो. आधी ते २०० मिलिसेकंद कोडमधून काढून टाका. ठरावीक अंतराने मागे असणं हा एक आजार आणि हळूहळू सरकत जाणं हा दुसरा. पहिल्याचं औषध दुसऱ्याला दिलं की पेशंट बरा होत नाही, फक्त दुखायची जागा बदलते.

कुठलाही उपाय करण्यापूर्वी एक आलेख काढा. लेक्चरमध्ये दर पाच-दहा मिनिटांनी शिक्षकांना कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायला सांगा. रेकॉर्डिंगमध्ये तळवे एकमेकांना लागतात ती फ्रेम शोधा, आवाजाच्या आलेखात टाळीचा उभा काटा शोधा, आणि दोन्ही वेळांमधला फरक मांडा. आडव्या अक्षावर लेक्चरचं मिनिट, उभ्यावर फरक. दहा टाळ्या पुरतात. सिनेमावाले क्लॅपबोर्ड वापरतात तो याचसाठी. फ्रेम ३० दर सेकंदाच्या असतील तर तुमच्या मोजणीची बारकाई ३३ मिलिसेकंदांची, आणि एवढ्या कामाला ती चालते.

आता रेघ कशी येते ते बघा. सपाट आडवी आली तर ठरावीक अंतर आहे: एन्कोडरचा (आवाज-चित्र आवळणाऱ्या भागाचा) विलंब, बफर (डेटा थोडा वेळ थांबतो ती जागा), ब्लूटूथ माइक असलं काहीतरी. सरळ तिरकी आली तर दोन घड्याळं वेगळ्या गतीने चालतायत. पायऱ्या आल्या, म्हणजे सपाट, मग अचानक उडी, मग पुन्हा सपाट, तर कुठेतरी पॅकेटं, म्हणजे नेटवरून जाणारे डेटाचे तुकडे, हरवतायत आणि तुमचा रेकॉर्डर त्यांची रिकामी जागा न ठेवता पुढचं मागच्याला चिकटवतोय. ऑपसचं, म्हणजे वेबआरटीसीत आवाज आवळायच्या पद्धतीचं, पॅकेट बहुधा २० मिलिसेकंदांचं असतं. अशी दहा पॅकेटं गेली आणि जागा सोडली नाही की आवाज २०० मिलिसेकंद पुढे सरकला. तुमचा आवाज मागे पडतोय, पुढे जात नाही, म्हणून पायऱ्यांचा संशय मला कमी आहे. पण आलेख काढल्याशिवाय माझ्यावर विश्वास ठेवू नका.

माझा अंदाज तिरक्या रेघेचा आहे, आणि तो तुमच्याच आकड्यावरून. प्रत्येक माइकच्या, विशेषतः यूएसबी माइकच्या, पोटात त्याची गती ठरवणारं स्वतःचं क्रिस्टल असतं. वर ४८,००० हर्ट्झ लिहिलेलं असलं तरी ते सेकंदाला नेमकी ४८,००० सॅम्पल (आवाजाची मोजमापं) देतंच असं नाही. समजा ते ४८,००३ देतं. म्हणजे दहा लाखांत साधारण ६०, स्वस्त क्रिस्टलच्या मानाने अगदी नेहमीचा फरक. तुमचा रेकॉर्डर ती सगळी सॅम्पल फाइलमध्ये ओततो आणि वर ४८,००० ची चिठ्ठी चिकटवतो. दर सेकंदाला तीन सॅम्पल उरतात. दीड तास म्हणजे ५,४०० सेकंद, १६,२०० सॅम्पल जादा, ३३७ मिलिसेकंद. हाच तुमचा एक तृतीयांश.

हे तुमच्या चाचणीत का सापडलं नाही, तेही याच गणितात आहे. दहा मिनिटांच्या चाचणीत फरक पडतो जेमतेम ३७ मिलिसेकंदांचा. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या १९९८ च्या बीटी.१३५९ या शिफारशीप्रमाणे आवाज चित्राच्या पुढे गेला तर सुमारे ४५ मिलिसेकंदांवर प्रेक्षकाला जाणवू लागतो, पण मागे पडला तर १२५ पर्यंत खपून जातो. म्हणजे या चालीने पहिली ३३ मिनिटं कुणाच्या लक्षातच येणार नाही. पुढे आणि मागे यांत एवढा भेदभाव का, असं वाटेल. नदीच्या पलीकडच्या काठावर कुणी कपडे आपटत असेल तर हात खाली आल्यावर मग धप्प ऐकू येतं. आवाजाला हवेतून एक मीटर कापायला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात. आयुष्यभर आपण आवाज मागून येतानाच अनुभवलेला असतो. चित्राच्या आधी तो कधीच येत नाही. त्यामुळे शंका असेल तेव्हा चूक आवाज मागे राहण्याच्या बाजूला होऊ द्या.

इथे एक आठवण सांगतो, कारण या कामात पाणी भलत्याच ठिकाणी मुरतं. काही वर्षांपूर्वी एका शिकवणीवाल्या कंपनीचं काम करत होतो. तक्रार अशी, की सकाळच्या बॅचचं रेकॉर्डिंग उत्तम आणि संध्याकाळच्या बॅचचं हमखास बिघडलेलं, तासाच्या धड्यात चित्र ५३व्या मिनिटालाच संपायचं. आम्ही दोन दिवस नेटवर्क तपासलं, संध्याकाळी सगळी सोसायटी सिनेमे बघते म्हणून. नेटवर्क निर्दोष होतं. वेबकॅम अंधार पडला की एक्स्पोजर वाढवण्यासाठी फ्रेमचा वेग गुपचूप कमी करत होता; ३० च्या जागी सरासरी २६-२७. रेकॉर्डर मात्र प्रत्येक फ्रेमला एक भागिले तीस सेकंद देऊन मोकळा. शिक्षकांच्या टेबलावर एक ट्यूबलाइट लावली आणि तक्रार थांबली. कोड दुरुस्त केला तो नंतर. तेव्हा तुमच्या रेकॉर्डरमध्ये कुठेही फ्रेम मोजून वेळ काढत असाल, तर आजच ते बंद करा. सॅम्पल मोजून किंवा फ्रेम मोजून वेळ ठरवायची नाही. वेळ टिपण्याच्या क्षणी लागलेल्या शिक्क्यावरून ठरवायची.

हा शिक्का आरटीपीत, म्हणजे वेबआरटीसी ज्या नियमांनी आवाज आणि चित्र पाठवतं त्यात, असतोच. फक्त तो वाचायची रीत जरा विचित्र आहे, आणि निम्मी मंडळी तिथेच अडखळतात. आवाजाच्या आणि चित्राच्या पॅकेटवरचे टाइमस्टॅम्प (हेच ते शिक्के) थेट एकमेकांशी ताडता येत नाहीत. दोघांची सुरुवात वेगवेगळ्या यादृच्छिक आकड्याने होते, आणि गतीही वेगळी: ऑपसला सेकंदाला ४८,०००, चित्राला ९०,०००. दोघांना जोडणारा दुवा म्हणजे आरटीसीपीचा, म्हणजे आरटीपीच्या जोडीने जाणाऱ्या निरोपांमधला, सेंडर रिपोर्ट. तो एवढंच सांगतो, की पाठवणाऱ्याच्या घड्याळात अमुक वाजले तेव्हा या प्रवाहाचा टाइमस्टॅम्प तमुक होता.

आकड्यांत बघू. आवाजाचा रिपोर्ट म्हणतो: १० वाजून ० सेकंद, टाइमस्टॅम्प १,६०,०००. चित्राचा म्हणतो: १० वाजून अर्धा सेकंद, टाइमस्टॅम्प ९,००,०००. आता आवाजाचं एक पॅकेट आलं २,०८,००० चं. फरक ४८,०००, म्हणजे एक सेकंद. ते १० वाजून १ सेकंदाचं. चित्राची फ्रेम आली ९,४५,००० ची. फरक ४५,०००, भागिले ९०,०००, अर्धा सेकंद. तीही १० वाजून १ सेकंदाचीच. या दोघांची जोडी. कोण आधी पोचलं याला काडीचंही महत्त्व नाही.

तुमच्या रेकॉर्डरमध्ये असे रिपोर्ट शेकड्यांनी जमा होतात. ते फेकू नका. प्रत्येक रिपोर्टमधली जोडी आलेखावर मांडून त्यातून एक सरळ रेघ बसवा. तिचा उतार म्हणजे त्या माइकची खरी गती. आमच्या उदाहरणात तो ४८,००० च्या ऐवजी ४८,००३ येईल. दोनच रिपोर्ट घेऊन उतार काढू नका, प्रत्येकात थोडी धडधड असते. मग रात्रीच्या जोडणीत आवाज त्या गतीवरून ४८,००० वर रिसॅम्पल करा, म्हणजे सॅम्पल नव्याने मोजून मांडा. सूर बिघडेल अशी भीती वाटत असेल तर सप्तकाच्या २२ श्रुती सारख्या अंतराच्या धरून हिशेब करा: हा बदल एका श्रुतीच्या सुमारे पाचशेव्या भागाइतका येतो. कुठल्याही उस्तादाला तो ऐकू येणार नाही. एफएफएमपेग या आवाज-व्हिडिओच्या साधनामध्ये एरिसॅम्पल फिल्टरला एसिंक दिलं की तो टाइमस्टॅम्प बघून आवाज ताणतो-आखडतो. घाईत चालेल, पण आत दिलेले टाइमस्टॅम्पच खोटे असतील तर तो बिचारा काय करणार.

रेकॉर्डरबद्दल आणखी दोन खाचखळगे. आरटीपीचा टाइमस्टॅम्प ३२ बिटांचा असतो. चित्राच्या गतीने तो सव्वातेरा तासांत एक फेरी मारून पुन्हा शून्यावर येतो. सव्वातेरा तास कुठलं लेक्चर चालतंय, असं म्हणाल. पण सुरुवात यादृच्छिक असल्यामुळे शून्य पाचव्या मिनिटालाही येऊ शकतं. दीड तासाच्या लेक्चरचा हिशेब केला तर साधारण नऊ लेक्चरमागे एकात ही फेरी पूर्ण होणार. ‘कधीकधीच बिघडतं, कारण कळत नाही’ अशा तक्रारींमध्ये मी आधी हे तपासतो. दुसरं, मधला एसएफयू, म्हणजे शिक्षकांचा प्रवाह प्रत्येक विद्यार्थ्याकडे पुढे धाडणारा सर्व्हर. शिक्षकांच्या चित्राचे लहान-मोठे थर (एकाच चित्राच्या कमी-जास्त दर्जाच्या प्रती) बदलताना तो टाइमस्टॅम्प नव्याने लिहितो. सेंडर रिपोर्टही त्याच हिशेबाने बदलत नसेल तर वरचं सगळं गणित मातीमोल. थर बदलला त्याच क्षणी आलेखात उडी दिसली की समजायचं.

आता लाइव्हकडे वळू, आणि फळ्याकडे. रेघ आधी उमटते याचं कारण ती हलकी आहे. काही बाइटांचा निरोप, ना एन्कोडिंग, ना जिटर बफर (अनियमित येणारी पॅकेटं सांभाळून घेणारा); ५०-६० मिलिसेकंदांत विद्यार्थ्याच्या ब्राउझरमध्ये हजर. चित्र मात्र टिपणं, आवळणं, पाठवणं, बफरमध्ये थांबणं, उलगडणं एवढं करून तीन-चारशे मिलिसेकंदांनी येतं. रेघ वेगात आहे म्हणून वेबसॉकेटला दोष देऊ नका. तिला थांबवायला कुणी नाही, हा खरा दोष.

शिक्षकांच्या मशीनवर पेन हलतं त्या क्षणी त्या बिंदूवर वेळ लिहा, आवाजाच्या सेंडर रिपोर्टमध्ये असते त्याच घड्याळातली. विद्यार्थ्याकडे बिंदू आला की लगेच काढू नका, रांगेत ठेवा. या क्षणी स्पीकरमधून कुठल्या वेळेचा आवाज बाहेर पडतोय हे बघा, आणि तो आवाज बिंदूच्या वेळेपाशी पोचला की बिंदू काढा. वेबआरटीसीच्या आकडेवारीत अंदाजे वाजवण्याची वेळ मिळते, ती इथे कामी येते. सगळे जण आवाजाच्या मागे चालतील, आवाज कुणाच्या मागे चालणार नाही. हे मी तत्त्व म्हणून सांगत नाही, कानामुळे सांगतो. एक फ्रेम गळली किंवा दोनदा दिसली तर डोळा माफ करतो. २० मिलिसेकंदांची पोकळी आवाजात पडली की कान ‘टक्’ पकडतोच.

अपवाद एक. शिक्षकांच्या अपलोडची वाट लागली आणि चित्र दीड सेकंद मागे पडलं, तर आवाजाला त्याच्यासाठी रोखून धरू नका. आयटीयूची जी.११४ शिफारस बोलाचालीसाठी एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत राहा म्हणते. ४०० च्या पलीकडे लोक एकमेकांच्या बोलण्यात घुसू लागतात. अशा वेळी चित्र गोठवा आणि शब्द जाऊ द्या. चित्र नसलं तरी शिक्षकांचं बोलणं कळतं.

फळ्यावरच्या सगळ्या गोष्टींना एकच नियम लावू नका. उशिरा आलेली व्हिडिओ फ्रेम फेकता येते, पण उशिरा आलेली रेघ फेकली तर ‘क’ चा ‘व’ होईल. ती उशिरा का होईना, काढलीच पाहिजे. उलट, नुसता फिरणारा पॉइंटर असेल तर त्याची शेवटची जागा तेवढी महत्त्वाची, मधल्या खुशाल गाळा. वेबसॉकेटच्या खाली टीसीपी (प्रत्येक पॅकेट क्रमानेच पोचवणारी पद्धत) असल्यामुळे एक पॅकेट हरवलं की मागचे सगळे बिंदू दाराशी तुंबतात आणि मग भसकन एकदम येतात. पॉइंटरसाठी म्हणून मी वेबआरटीसीचं डेटा चॅनल वापरतो, फेरपाठवणी बंद करून. मल्टिमीडियाचे संशोधक राल्फ स्टाइनमेट्झ यांनी १९९६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ओठांसाठी ८० मिलिसेकंदांची मर्यादा सांगितली होती, पण बोलणं आणि पॉइंटर यांत अर्धा-पाऊण सेकंदाचा फरकही लोक चालवून घेतात असं त्यांना आढळलं होतं. पॉइंटरच्या पायी झोप घालवू नका.

शिक्षक लॅपटॉपवर बोलतात आणि टॅबलेटवर लिहितात, असं असेल तर घड्याळं दोन झाली. तिथे दोघांना सर्व्हरशी जुळवून घ्या: निरोप पाठवल्याची वेळ, सर्व्हरला मिळाल्याची, सर्व्हरने उत्तर सोडल्याची, परत आल्याची. या चार वेळांवरून फरक निघतो, घड्याळं जुळवणारी एनटीपी ही पद्धत हेच करते. गृहीत एकच, की जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो, आणि आपल्याकडच्या मोबाइल नेटवर अपलोड तुंबलेला असताना तेच खोटं ठरतं. जायला १२० आणि यायला ४० लागले तर तुमचं घड्याळ ४० मिलिसेकंदांनी चुकलं. म्हणून आठ-दहा फेऱ्या करा आणि सगळ्यात कमी वेळ लागलेली फेरी धरा; ती तुंबलेली नसण्याची शक्यता सर्वाधिक. स्टुडिओवाले पीटीपी या त्याहून नेमक्या पद्धतीने मायक्रोसेकंदाच्या आत जातात, पण त्याला नेटवर्क आपल्या ताब्यात लागतं. तुम्हाला त्याची गरज नाही. ब्राउझरमध्ये मात्र तारखेचं घड्याळ वापरू नका; ऑपरेटिंग सिस्टिम ते मध्येच पुढे-मागे सरकवते. १ जानेवारी २०१७ ला आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या ठोक्याला अख्खा एक लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला घातलेला जादा सेकंद) घुसला होता, तेव्हा अशा घड्याळांवर विसंबलेल्या बऱ्याच जणांची तारांबळ उडाली. फक्त पुढेच जाणारं परफॉर्मन्सचं घड्याळ घ्या.

आणि उद्या पाच हजार मुलांना एचएलएसवरून, म्हणजे व्हिडिओ छोट्या तुकड्यांत पाठवण्याच्या पद्धतीने, दाखवायचं ठरवलंत, तर प्रश्नमंजुषा वेगळ्या सॉकेटवरून पाठवू नका. प्रत्येकाचा विलंब वेगळा असतो, कुणाचा सहा सेकंद, कुणाचा वीस. सर प्रश्न विचारण्याआधीच पडद्यावर पर्याय येतील. प्रश्नाची खूण व्हिडिओच्या प्रवाहातच टाइम्ड मेटाडेटा (वेळेला बांधलेली माहिती) म्हणून घाला. चित्र पोचेल तेव्हा तीही पोचेल.

लाइव्हची मोजणी फोनच्या स्लो-मोशनने करा. २४० फ्रेमच्या फोनवर एक फ्रेम म्हणजे चार मिलिसेकंद. विद्यार्थ्याचा पडदा आणि स्पीकर दोन्ही टिपा. मात्र आधी त्याच फोनने समोरची खरी टाळी टिपून बघा, फोनचाच आवाज मागेपुढे असेल तर तेवढा वजा करायला. मी एकदा हे न करता अर्धा दिवस घालवला आहे.

आता गाणं. पुणे ते न्यू जर्सी सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जायला किमान ६२ मिलिसेकंद, जाऊन-येऊन १२५. केबल सरळ जात नाहीत आणि मधे राउटर, बफर असतात, म्हणून प्रत्यक्षात २०० च्या पुढेच. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा असतील तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. गुरुजींनी सम दाखवली, शिष्य अचूक समेवर आला, आणि गुरुजींना ती एक मात्रा उशिरा ऐकू आली. गुरुजी शिष्यासाठी थांबणार, शिष्य गुरुजींसाठी थांबणार, आणि लय उतरत उतरत विलंबितात जाऊन बसणार. एकत्र वाजवण्यासाठी एका बाजूने २५ मिलिसेकंदांच्या आसपासची मर्यादा मानतात. स्टॅनफर्डमध्ये तयार झालेल्या जॅकट्रिपसारख्या साधनाने पुणे-नागपूर जमू शकेल, दोन्हीकडे वायरचं इंटरनेट असेल तर. अटलांटिकपलीकडे नाही. तुमच्या सॉफ्टवेअरने नाही, माझ्याही नाही.

पण शिकवणीपुरता मार्ग आहे. गुरुजींनी ठेका प्रत्यक्ष धरण्याऐवजी दोघांकडे एकच लेहरा (तालाच्या आवर्तनात फिरणारी ठरावीक धून) आधीच उतरवून ठेवा. शिष्य त्याच्या बाजूच्या लेहऱ्यावर गातो. त्याच्या आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर घड्याळाची वेळ न लिहिता लेहऱ्यातली जागा लिहा: त्या क्षणी त्याच्या कानात कितवी मात्रा, तिचा कितवा भाग वाजत होता. गुरुजींकडे लेहरा तेवढाच उशिरा सुरू होतो आणि आवाज त्याच जागेवर बसवला जातो. गुरुजींना गाणं समेवर ऐकू येतं, शिष्यालाही स्वतःचं समेवरच वाटतं. मधला पाव सेकंद फक्त ‘वा!’ पोचायला लागतो. शिष्याला मात्र वायरचे हेडफोन सक्तीचे करा. ब्लूटूथचे दीड-दोनशे मिलिसेकंद ब्राउझर नेहमी कबूल करत नाही, आणि मग शिष्य बरोबर गात असूनही गुरुजी त्याला समेवरून ओरडत बसतील.